स्वतःला न वाचता येणारी पाटी

दुकान काढायचे ठरले की आपल्याकडे पाटीचा विचार आधी होतो. नाव कोणाचे घालायचे, अक्षर केवढे ठेवायचे, 'स्थापना' म्हणून साल लिहायचे की नाही, यावर घरात चर्चा होते. रंगारी खडूने आखणी करतो, घरातली मंडळी रस्त्याच्या पलीकडे जाऊन ती वाचून बघतात आणि सर्वांचे समाधान झाल्यावरच रंग चढतो. गेल्या काही वर्षांत त्याच दुकानात आणखी एक पाटी आली आहे. ती गल्ल्याच्या काचेवर चिकटवलेली असते, काळ्या-पांढऱ्या चौकोनाची. तिच्यावर चर्चा झालेली नसते. कोणी तरी प्रतिनिधी आला, खाते क्रमांक विचारला, स्टिकर चिकटवून गेला, एवढाच तिचा इतिहास असतो. आणि तरीही दिवसभरात त्या पाटीकडे जितकी गिऱ्हाइके वळतात, तितकी दाराबाहेरच्या पाटीकडे वळत नाहीत.

या दोन पाट्यांमध्ये एक मोठा फरक आहे. बाहेरची पाटी मालकाला वाचता येते. आतली येत नाही. क्यूआर कोड ही दुकानातली अशी पहिलीच पाटी आहे, जी मालकाच्या नावाने बोलते, पण मालकाच्या डोळ्यांना कळत नाही. ती पैसे कोणाच्या खात्यात पाठवते, गिऱ्हाइकाला कोणत्या पत्त्यावर नेते, आणखी दोन वर्षांनी ती चालू राहील का, हे नुसते पाहून सांगता येत नाही. या विषयाकडे लक्ष द्यायचे मुख्य कारण हेच. जे आपल्याला वाचता येत नाही, त्याची निवड तरी आपण समजून केली पाहिजे. ही समज अवघड नाही, तिला तांत्रिक शिक्षण लागत नाही, आणि ती एकदा आली की पुढची अनेक वर्षे कामी येते. वाचकांनी एवढ्या विश्वासाने या विषयात पाऊल टाकावे, अशी माझी इच्छा आहे.

हा कोड मुळात पैशांसाठी जन्मला नव्हता. जपानमध्ये मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या डेन्सो या कंपनीत मालाच्या खोक्यांवर बारकोड लावले जात. उभ्या रेघांच्या त्या बारकोडात जेमतेम वीसेक अक्षरे मावत, त्यामुळे एकाच खोक्यावर अनेक बारकोड चिकटवावे लागत आणि कामगार ते एकामागून एक वाचत बसत. मासाहिरो हारा या अभियंत्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने यावर उपाय शोधला व १९९४ मध्ये क्यूआर कोड जगापुढे आला. रेघ एकाच दिशेने माहिती सांगते. चौकोन आडवा आणि उभा अशा दोन्ही दिशांनी सांगतो. ही कल्पना हारा यांना 'गो' या पटावरच्या खेळातून सुचली. पटावर मांडलेल्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्या डोळ्यांसमोर आणल्या, की कोडचे रूप लगेच ओळखीचे वाटते.

कोडच्या तीन कोपऱ्यांत जे ठळक चौकोन दिसतात, त्यांचीही एक गोष्ट आहे. यंत्राला गर्दीतून कोड चटकन सापडावा, म्हणून कोणत्याही छापील मजकुरात सहसा न आढळणारी खूण हवी होती. हारा यांच्या चमूने मासिके, पत्रके, खोक्यांवरची छपाई असे नाना प्रकारचे कागद तपासले आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे १:१:३:१:१ हे प्रमाण सर्वांत दुर्मीळ ठरवले. आपण फोन तिरका धरला, उलटा धरला, तरी कोड वाचला जातो तो या तीन खुणांमुळे. पुढे कंपनीने पेटंट आपल्याकडे ठेवले, पण मानकानुसार कोड वापरणाऱ्यांकडून शुल्क घ्यायचे नाही असे जाहीर केले. २००० मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. आज चहाच्या टपरीपासून विमानतळापर्यंत हा कोड पोहोचला, त्यामागे ही उदारता आहे. साधा क्यूआर कोड बनवायला कोणालाही एक पैसा द्यावा लागत नाही, आणि तो कधीही कालबाह्य होत नाही. वाचकांनी ही दोन वाक्ये लक्षात ठेवली, तरी त्यांचा पुष्कळ खर्च वाचेल.

आता थोडे त्याच्या घडणीविषयी. सर्वांत लहान कोडमध्ये आडवी २१ आणि उभी २१ घरे असतात. तिथून प्रत्येक पायरीला चार-चार घरे वाढत जाऊन चाळिसाव्या पायरीवर ती १७७ बाय १७७ होतात. एवढ्या मोठ्या कोडमध्ये ७,०८९ अंक मावू शकतात. पण मावतात म्हणून भरू नयेत. मजकूर जितका जास्त, तितकी घरे जास्त. आणि छापायची जागा तेवढीच असेल, तर प्रत्येक घर तितके बारीक. बारीक घरांचा कोड साध्या फोनला, संध्याकाळच्या उजेडात, थरथरत्या हाताला वाचणे जड जाते. म्हणून छोटा पत्ता नेहमी चांगला. मराठी वाचकांसाठी यात एक खास बाब आहे. संगणकावर देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साधारणपणे तीन बाइट जागा घेते, रोमन अक्षर एकच. 'की' लिहायला आपल्याला क आणि वेलांटी अशी दोन चिन्हे, म्हणजे सहा बाइट लागतात. तेव्हा मराठी मजकूर सरळ कोडमध्ये कोंबण्यापेक्षा तो पानावर ठेवून पानाचा पत्ता कोडमध्ये द्यावा. मराठी दिमाखात वाचली जाईल आणि कोडही मोकळा राहील.

कोडमध्ये दुरुस्तीची सोयही असते. कोपरा फाटला, डाग पडला, तरी उरलेल्या घरांवरून हरवलेली माहिती परत जुळवता येते. याच्या चार पातळ्या आहेत : सुमारे ७, १५, २५ आणि ३० टक्के. पातळी वाढवली की कोड दणकट होतो, पण घरेही वाढतात. वातानुकूलित कचेरीतल्या कागदाला १५ टक्के पुरेत. भाजीच्या गाडीवर, मासळीबाजारात, गॅरेजात, जिथे पाणी, तेल आणि हात लागणारच, तिथे वरची पातळी घ्यावी. मधोमध आपले बोधचिन्ह बसवायचे असेल, तर ते याच दुरुस्तीच्या शिलकीतून जागा खाते, हेही ध्यानात असावे. बोधचिन्ह घातलेल्या कोडला ओरखडा सोसण्याची ताकद तेवढी कमी उरते.

इथवर ओळख झाली. आता निवडीकडे वळू. पुष्कळ जण 'कोणता कोड चांगला?' या प्रश्नाने सुरुवात करतात. माझी विनंती अशी, की तुम्ही आधी हा प्रश्न विचारावा : 'समोरच्या माणसाने फोन वर केला, त्या क्षणी त्याला काय हवे आहे?' त्याला पैसे द्यायचे असतील, काही जाणून घ्यायचे असेल, किंवा कशाची तरी खात्री करून घ्यायची असेल. धंद्यातले बहुतेक कोड या तीन गरजांत बसतात आणि प्रत्येक गरजेचा कोड वेगळा असतो.

पैशांच्या कोडपासून सुरुवात करू, कारण त्याच्याशी रोजची गाठ आहे. या क्षेत्राची भारतातली जडणघडण बरीचशी मुंबईत झाली, याचा आपल्याला मनोमन अभिमान वाटायला हरकत नाही. यूपीआय चालवणारे राष्ट्रीय देयक महामंडळ मुंबईचे, त्यावर देखरेख करणारी रिझर्व्ह बँक मुंबईची. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले. फेब्रुवारी २०१७ मध्ये 'भारत क्यूआर' आला, ज्यात निरनिराळ्या कंपन्यांची कार्डे आणि यूपीआय एकाच चौकोनात सामावली. तरीही प्रत्येक कंपनी आपापला कोड लावत असे आणि दुकानदाराच्या काचेवर स्टिकरांची रांग लागे. रिझर्व्ह बँकेने मग आयआयटी मुंबईचे प्राध्यापक दीपक फाटक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीच्या अहवालानंतर, ऑक्टोबर २०२० मध्ये, बँकेने सांगितले की यूपीआय क्यूआर आणि भारत क्यूआर हे दोन सामाईक कोड चालू राहतील, एकाच कंपनीपुरता चालणारा नवा कोड कोणी काढणार नाही आणि जुने असतील ते ३१ मार्च २०२२ पर्यंत सामाईक कोडवर आणले जातील. आज एका ॲपचा कोड दुसऱ्या ॲपने वाचता येतो, ही सोय अशी ठरवून घडवलेली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयच्या महिन्याच्या व्यवहारांच्या संख्येने एक हजार कोटींचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला. इतका विस्तार या सामाईकपणाशिवाय कठीण होता. म्हणून काचेवर पाच कोड लावायची गरज नाही. एक पुरतो.

पण तो एक कोणता? घरगुती खात्याचा कोड आणि व्यापारी खात्याचा कोड दिसायला सारखे असले, तरी त्यांचे काम वेगळे आहे. व्यापारी कोडवर धंद्याचा हिशेब घरखर्चात मिसळत नाही, साउंडबॉक्सवर रक्कम ऐकू येते आणि यूपीआयला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डानेही गिऱ्हाईक पैसे देऊ शकते. घरगुती कोडवर ते चालत नाही. बँक खात्यातून यूपीआयने आलेल्या पैशांवर दुकानदाराला दलाली पडत नाही, हा नियम १ जानेवारी २०२० पासून आहे. क्रेडिट कार्डाचे आणि वॉलेटचे नियम मात्र निराळे असतात, ते बँकेत विचारून घ्यावेत.

दुसरी निवड स्थिर आणि बदलत्या कोडमधली. स्थिर कोड म्हणजे काचेवरचा कायमचा स्टिकर : गिऱ्हाईक स्कॅन करते आणि रक्कम स्वतः टाकते. बदलता, म्हणजेच 'डायनॅमिक', कोड प्रत्येक बिलासाठी नवा तयार होतो आणि छोट्या पडद्यावर दिसतो. त्यात रक्कम आणि बिलाचा क्रमांक आधीच असतो. वडापावच्या गाडीला स्थिर कोड उत्तम; भाव ठरलेले, व्यवहार दोन मिनिटांचा आणि समोरासमोरचा. औषधांचे दुकान, कापडाची पेढी, तीन काउंटर असलेले किराणा भांडार यांनी बदलत्या कोडचा विचार जरूर करावा. तिथे १,४५० च्या जागी १,४०५ टाकले जाण्याची भीती राहत नाही आणि रात्री हिशेब जुळवताना कोणते पैसे कोणत्या बिलाचे हा शोध घ्यावा लागत नाही.

आता माहितीच्या कोडकडे. इथे वाचकांनी थोडे थांबावे, कारण इथे एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात. पैशांच्या बाबतीत 'डायनॅमिक' म्हणजे दर बिलाला नवा कोड. माहितीच्या बाबतीत 'डायनॅमिक' कोड छापलेला, तसाच राहणारा असतो; बदलते ते त्याच्या मागचे ठिकाण. अशा कोडमध्ये तुमचा पत्ता नसतोच. त्यात मधल्या एखाद्या सेवेचा छोटा पत्ता असतो आणि ती सेवा गिऱ्हाइकाला तुमच्या पानावर पोहोचवते. आज दिवाळीच्या फराळाची यादी, उद्या उन्हाळ्यातल्या पापड-कुरडयांची, कोड मात्र तोच. किती जणांनी स्कॅन केला याचा आकडाही मिळतो.

सोय मोठी आहे, पण तिची किंमत समजून घ्यावी. समजा, कोल्हापुरात मसाले करणाऱ्या एका महिला बचत गटाने दहा हजार पाकिटे छापून घेतली आणि त्यांवर चाचणीपुरत्या फुकट सेवेवर बनवलेला कोड घातला. मुदत संपल्यावर मधली सेवा बंद झाली, तर दहा हजार पाकिटांवरचा कोड एका रात्रीत मुका होतो. मसाला तोच, पाकीट तेच, पण पाटी पुसलेली. यावर साधा उपाय असा, की आपल्या मालकीचा वेबपत्ता घ्यावा आणि कोडमध्ये तोच द्यावा. पुढे पान बदलायचे झाले, तर ते आपल्याच पत्त्यावर बदलता येते आणि छापलेला कोड तसाच चालू राहतो. ज्याच्या हाती पत्ता, त्याच्या हाती कोड, एवढे सूत्र ध्यानात ठेवले की पुढची निवड सोपी होते. दुकानाचा फोन क्रमांक, नकाशावरची जागा, व्हॉट्सॲपवर बोलणे सुरू करणारा दुवा, खानावळीतल्या वायफायचा पासवर्ड यांना तर मधल्या सेवेची गरजच नाही. साधा स्थिर कोड घ्या आणि निश्चिंत राहा.

तिसरा प्रकार खात्रीच्या कोडचा. हे कोड आपण आपल्या मर्जीने बनवत नाही. नियम सांगतो तसे ते घ्यायचे असतात. पाच कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या व्यावसायिकांना १ ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला बिल देताना जीएसटीचे ई-इन्व्हॉइस काढावे लागते. त्यावरचा कोड सरकारी पोर्टलकडून डिजिटल सही होऊन येतो. त्याच दिवसापासून औषधांच्या ठरावीक तीनशे ब्रँडांच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक झाला आणि महाराष्ट्रात महारेरा या नियामक संस्थेने गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड सक्तीचा केला. घर घेणाऱ्याने जाहिरातीवर फोन धरला, की प्रकल्पाची नोंदणी त्याला पाहता यावी, हा त्यामागचा हेतू. या तिन्हींत एकच विचार दिसतो : विकणाऱ्याच्या शब्दाला बाहेरचा कोणी तरी साक्षीदार असावा.

कोड कोणताही निवडला, तरी छपाईत तो बिघडू शकतो. म्हणून छापखान्यात जाण्यापूर्वी काही गोष्टी मनाशी पक्क्या असाव्यात. कोडभोवती चार घरांएवढी कोरी कड सोडावी. जागा वाचवायला ती कापू नये, कारण कोड कुठे सुरू होतो हे यंत्राला त्या मोकळ्या जागेवरून कळते. फिक्या पार्श्वभूमीवर गडद कोड घ्यावा. लग्नपत्रिकेसारखा मरून रंगावर सोनेरी कोड सुंदर दिसतो, पण पुष्कळ फोनना तो वाचता येत नाही. आकाराचा ठोकताळा असा, की जितक्या अंतरावरून वाचायचा त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी कोडची रुंदी हवी. टेबलावरचा कोड फूटभर अंतरावरून वाचतात, त्याला तीन सेंटिमीटर पुरतात. दोन मीटरवरच्या भिंतीला वीस सेंटिमीटर लागतात. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याचा उजेड परावर्तित होतो, तिथे मॅट घ्यावे. आणि सगळा माल छापण्याआधी एक नमुना काढून, घरातल्या सर्वांत जुन्या फोनने, दुकानातल्या खऱ्या उजेडात वाचून पाहावा. खडूच्या आखणीपुढे रस्त्यावर उभे राहून पाटी वाचण्याची आपली जुनी रीत इथे तशीच लागू पडते.

सुरक्षिततेविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. पाटी डोळ्यांनी वाचता येत नाही, म्हणूनच तिच्यावर दुसरा स्टिकर चिकटवून पैसे भलतीकडे वळवणे ठगांना शक्य होते. उघड्यावर लावलेला कोड शक्य तर काचेच्या आतल्या बाजूने लावावा. स्कॅन केल्यावर ॲप ज्याला पैसे जाणार त्याचे नाव दाखवते. ते दुकानाच्या पाटीवरच्या नावाशी जुळणारे असेल, तर गिऱ्हाइकाला खात्री पटते. कोडशेजारी ते नाव छापून ठेवणे हे सौजन्य आहे आणि संरक्षणही. पैसे मिळाल्याची खूण म्हणून गिऱ्हाइकाच्या फोनवरचे चित्र धरू नये. आपल्या साउंडबॉक्सचा आवाज किंवा आपल्या खात्यातली नोंद धरावी. आणि घरातल्या प्रत्येकाला हे सांगून ठेवावे, की पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पैसे मिळणार आहेत म्हणून कोणी कोड स्कॅन करायला आणि पिन टाकायला सांगत असेल, तर तो फसवत आहे.

काही वाचकांच्या मनात शंका असेल : एवढे सगळे कशासाठी? पूर्वी याशिवाय धंदे चालत नव्हते का? शंका रास्त आहे आणि तिचा मान ठेवूनच या विषयाकडे जावे. कोड हा गिऱ्हाइकासाठी उघडलेला एक जास्तीचा दरवाजा आहे. जुना दरवाजा बंद करण्याचे ते कारण होऊ नये. खानावळीत कोडबरोबर छापील यादीही असू द्या, पाकिटावर कोडशेजारी फोन क्रमांक मोठ्या अक्षरांत असू द्या, आणि कोडखाली एक ओळ मराठीत लिहा : 'भाव पाहण्यासाठी', 'पैसे देण्यासाठी', 'पाककृतीसाठी'. मुका चौकोन त्या एका ओळीने बोलका होतो, आणि ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्या आजी-आजोबांनाही आपण या दुकानात परके झालो असे वाटत नाही.

या विषयात शिरताना वाचकांनी सगळे एकदम शिकण्याची घाई करू नये. औद्योगिक कामासाठीचे अगदी छोटे कोड, २०२२ मध्ये मानक ठरलेला अरुंद पट्टीसारखा आयताकृती कोड, सुपर मार्केटमधल्या बारकोडची जागा घेऊ पाहणारे नवे कोड, हे सगळे पुढे येतच राहील आणि गरज पडेल तसे समजेल. तोवर प्रत्येक नव्या कोडला चार प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी : गिऱ्हाइकाला या क्षणी काय हवे आहे? हा कोड किती काळ टिकायचा आहे? त्यामागचा पत्ता कोणाच्या हातात आहे? आणि तो नेमका कुठे, कोणत्या उजेडात वाचला जाणार आहे? या चार उत्तरांतून योग्य प्रकार आपोआप पुढे येतो.

सुरुवात लगेच करता येईल. उद्या सकाळी शटर वर केल्यावर, देवापुढे उदबत्ती लावून झाली की, आपला फोन घ्या आणि आपल्याच दुकानातला प्रत्येक कोड एकदा स्कॅन करून पाहा. नाव आपलेच येते का, पान उघडते का, तिथला भाव आजचा आहे का, एवढे बघा. जी पाटी आपल्याला डोळ्यांनी वाचता येत नाही, ती रोज एकदा फोनने वाचावी.